गिरीक आबांचा चाळिसावा

घरमालक माझ्या गरोदर बायकोकडे पाहून थुंकले, त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो.

सुनंदा अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. शेवग्याखाली लोखंडी खुर्ची टाकून आबा बसले होते. "पोरी, लय गोड दिसती तू आज," असं म्हणाले आणि लगेच तिच्या दिशेने थू थू थू केलं. सुनंदा हसली. मी पायरीवर बूट घालत होतो, माझं डोकंच सणकलं. मी काही बोलणार एवढ्यात त्यांच्या पत्नी मार्थाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "रागावू नका हं. त्यांच्या मुलखात कौतुक केलं की असं करतात. दृष्ट लागू नये म्हणून." मी मान हलवली, पण ते मनाला पटलं नाही. आमच्याकडे दृष्ट काढतात ती मीठ-मोहरी ओवाळून. शिवाय ज्याची नजर लागायची, त्यानेच ती उतरवायची, ही कुठली रीत?

आम्ही मूळचे केंदूरकडचे. आजोबा मेंढरांमागे फिरले, वडिलांनी मेंढरं विकून जमीन कसली, आणि मी घरातला पहिला पदवीधर, बी. एस्सी. रसायनशास्त्र. वडिलांनी अर्ध्या गावाला पेढे वाटले होते. दौंडजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, हे मी आजही देवाचं देणं मानतो. तिथे माझं कामच संशयाचं. रसाचा नमुना आला की तो एकदा तपासायचा, मग पुन्हा तपासायचा. ही सवय हळूहळू घरापर्यंत आली. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला खंडोबाचा भंडारा लावायचा आणि दिवसभर कशावरच विश्वास ठेवायचा नाही, असा माझा दुहेरी कारभार होता.

दौंडला रेल्वे लाइनीपलीकडे एका जुन्या कौलारू घराची मागची खोली आम्हाला भाड्याने मिळाली. मालक म्हणजे हे आबा. गावात त्यांना कोणी पारशी म्हणे, कोणी इराणी. ते होते ग्रीस देशातल्या एका बेटावरचे. नाव यान्नी. रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला होते, तिथे त्यांचं 'गिरीक' झालं आणि वय झाल्यावर 'गिरीक आबा'. नव्वदचं दशक संपत आलं होतं, ते ऐंशीच्या पुढे होते, पण खांदे अजून रुंद होते. तीन मुलगे, सुना, नातवंडं, सगळं घर त्यांच्या शब्दावर चालायचं. जेवायला बसल्यावर आबा पाव उलटा करून त्याच्या बुडाला सुरीने क्रूस काढत, मगच कापत. तोवर कोणी ताटाला हात लावत नसे. आमच्या खिडकीतून ते दिसायचं. मला वाटायचं, मंत्र घालतात की काय.

त्यांच्याबद्दल एवढा सावध असायला कारण होतं. आमचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. सातवा महिना सरला होता. त्यानंतर सुनंदा कित्येक दिवस कोणाशी बोलत नव्हती. आता पुन्हा दिवस गेले होते, आणि मी देवासमोर एकच मागणं घेऊन उभा राहायचो: एवढं लेकरू जिवंत हातात दे. त्यामुळे तिच्या आसपास येणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक वस्तू मी तपासत होतो. त्यात प्रयोगशाळेतला एक सहकारी मला रोज डिवचायचा, "काय केमिस्टसाहेब, पाव खायला लागले का न्हाई? वहिनींला आधी लावतील, मग तुमाला. बाप्तिस्म्याला आमाला बोलवा बरं का!" मी वरवर हसायचो. पण घरी आल्यावर सुनंदाला विचारायचो, आज आबा काय म्हणाले, काय दिलं, तू खाल्लंस का.

एकदा रात्रपाळी संपवून मी सकाळी घरी आलो, तर आबा आमच्याच उंबऱ्यावर पाट टाकून बसलेले. समोर वाटीत पाणी. डोकं धरून बसलेली सुनंदा आत भिंतीला टेकलेली. आबांनी तेलात बोट बुडवलं, त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत एक थेंब पाण्यात सोडला. तेल पाण्यावर तरंगतं, हे शाळकरी पोरगंही सांगेल. माझ्या डोळ्यांदेखत तो थेंब पसरला आणि दिसेनासा झाला. "लागली होती," आबा म्हणाले. "बघ, गेली." मी वाटी उचलली आणि नाकाशी धरली. वाटीला साबण राहिला असेल तर तेल असं फाटतं. साबणाचा वास नव्हता. आबा खो खो हसले, "तपास केमिस्ट, तपास! साखर किती हाय तेबी बघ!" थोड्या वेळाने सुनंदाची डोकेदुखी थांबली. तिने गोळीही घेतली होती, हेही इथे सांगितलं पाहिजे.

त्यानंतर काही आठवड्यांनी, ऐन गाळपाच्या हंगामात, आबा त्याच लोखंडी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. दुपारची वेळ होती. सुनंदानेच आधी पाहिलं. त्यांना ख्रिस्ती दफनभूमीत नेताना शेडमधले जुने फिटर, फायरमन, मुसलमान, मराठा, बौद्ध, सगळे आले होते. मीही खांदा दिला. त्या संध्याकाळी थोरल्या मुलाने पाव हातात घेतला, उलटा केला, आणि त्याच्याने सुरी चालवेना. मार्थाबाईंनी पाव त्याच्या हातातून घेतला आणि हाताने तोडून सगळ्यांना दिला. ते पाहून मलाही भरून आलं. पण दुसऱ्याच क्षणी मनात आलं, ज्या घरात गरोदर बाई, त्याच घरात मरण. हा कसला योग?

सुनंदाला आठवा लागला तशी गावाहून माझी आई आली. तिला आधीच त्या 'गोऱ्या म्हाताऱ्या'बद्दल मी सगळं सांगून ठेवलं होतं. एके दिवशी मार्थाबाई प्रेमाने म्हणाल्या, "आजी, परवा यांचा चाळिसावा आहे. त्या दिवशी आम्ही गहू शिजवतो. साखर, डाळिंबाचे दाणे, बेदाणे घालून सगळ्यांना वाटतो. ह्यांच्या बेटावरची रीत. आमच्या पास्टरना आवडत नाही, पण ते आपल्या आईसाठी दर वर्षी करायचे. तुम्ही पण घ्या हं, आजी." आई उठली. खोलीत येऊन तिने दार लावलं.

"आरं, ह्या घुगऱ्याच की!" ती मला म्हणाली. "घुगऱ्या आपल्यात पाळण्याला वाटत्यात, लेकरू झाल्यावर. ही मान्सं मेलेल्याच्या नावानं वाटणार? आन् घरात पोटुशी बाई आसताना? मंग हिच्या लेकराच्या घुगऱ्यांचं काय ऱ्हायलं?"

कोणी म्हणेल, बी. एस्सी. झालेल्या माणसाने हसून सोडून द्यायला हवं होतं. पण एक बाळ गमावलेल्या बापाला हसू येत नाही. थुंकणं, तेलाचा थेंब, पावावरची सुरी, आणि आता हे गहू. सगळं मी एका दोऱ्यात ओवलं. ठरवलं, चाळिसाव्याच्या दिवशी सुनंदाला त्या घरात ठेवायचं नाही. सकाळच्या एसटीने शिरूर, तिथून केंदूर. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली नव्हती.

सुनंदा मात्र ऐकेना. "जो माणूस मला रोज विचारायचा, 'जेवली का पोरी', त्याच्या दिवसाला मी पळून जाऊ?"

"पळून कुठं? बाळंतपणाला चाललीयेस."

"मग चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ."

"चल गं बाई," आई म्हणाली. "मेलेल्याला राग येत न्हाई. जित्याचं बघावं आधी."

आम्ही निघालो तेव्हा मार्थाबाई अंगण झाडत होत्या. त्यांची थोरली मुलगी सोफीताई शिरूरला राहायची, तीच गहू शिजवून आणणार होती. "थांबला असता तर बरं झालं असतं," एवढंच मार्थाबाई म्हणाल्या. मी खोटं बोललो, की गावाकडे तातडीचं काम आहे.

एसटी न्हावरे गावाच्या अलीकडे आली आणि थांबली. समोर उसाने भरलेली ट्रॅक्टरची जोडट्रॉली आडवी झाली होती. एक ट्रॉली पूर्ण उलटून रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत उसाने बुजला होता. बाजूला पाटाच्या पाण्याची चारी खोल होती, गाडी काढायला जागा नाही. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. लोक उतरून ऊस मोडून खायला लागले. कोणीतरी म्हणालं, "घ्या, आज कारखान्याच्या आधी आपलंच गाळप!" सगळे हसले. उन्हं वर आली होती. मी सुनंदाला लिंबाच्या सावलीत बसवलं आणि मनातल्या मनात खंडोबाचा धावा सुरू केला: देवा, रस्ता मोकळा कर. बाकी काही नको, फक्त रस्ता मोकळा कर.

थोड्याच वेळात सुनंदाने माझं मनगट धरलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आईने तिचं लुगडं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. रक्त जात होतं. पहिल्या वेळी असंच झालं होतं. मागे दौंड लांब, पुढे उसाचा डोंगर, आणि आमच्या एसटीमागे एव्हाना ट्रका आणि बैलगाड्या अशा खेटून लागल्या होत्या की वळायलाही जागा नव्हती. आई मोठ्याने ओरडायला लागली, "आरं कुनीतरी बघा रं! बाईमानूस अडलंय!"

तिचा आवाज उसापलीकडे गेला. तिकडच्या बाजूलाही गाड्या अडकल्या होत्या. उसाच्या ढिगावरून, कांड्यांवर पाय घसरत, एक जाडजूड बाई पदर खोचून आमच्या बाजूला उतरली. जवळ येईपर्यंत मी ओळखलं नाही. त्या सोफीताई होत्या. आबांच्या अंत्यविधीत मी त्यांना पाहिलं होतं. शिरूरच्या एका लहान दवाखान्यात त्यांनी उभं आयुष्य नर्सचं काम केलं होतं.

"अगं, तू आबांच्या खोलीतली ना?" त्या सुनंदाला म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या. "पोट दगडासारखं लागतंय. हिला बसवू नका. डाव्या कुशीवर घ्या. चालवायचं तर नाहीच." मग ऊसतोड टोळीतल्या माणसांकडे वळून त्यांनी असा आवाज दिला, की मला आबाच आठवले. "ए दादा, खाता काय ऊस! पोती आणा चार!" टोळीवाल्यांनी पोत्यांची झोळी केली. काहींनी ढिगातून ऊस ओढून पायवाट पाडली. चौघांनी सुनंदाला उचलून पलीकडे नेलं. तिकडे सोफीताईंचे यजमान वसंतराव जीप वळवून उभे होते.

जीपच्या मागच्या बाजूला पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेलं मोठं पातेलं होतं. सुनंदाला आडवी टाकायला ते हलवणं भाग होतं. वसंतरावांनी ते उचललं आणि पुढच्या सीटवर बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवलं. "आजी, घट्ट धरा बरं. सांडलं तर सासरा वरून शिव्या घालील. त्याच्या शिव्या तुम्ही ऐकल्या न्हाईत."

आईला कळलं पातेल्यात काय आहे. ज्या गव्हापासून आम्ही पळालो होतो, तेच तिच्या मांडीवर येऊन बसले होते. मी तिच्याकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी पातेल्याला मिठी मारली आणि शिरूर येईपर्यंत ती सैल केली नाही. तिचे ओठ हलत होते. ती खंडोबाला बोलवत होती की आबांना, मी तिला कधी विचारलं नाही.

दवाखान्यात सोफीताई सुनंदाबरोबर आत गेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, वार गर्भाशयापासून सुटली आहे, लगेच ऑपरेशन करावं लागेल. मी सही केली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. वसंतराव शेजारी येऊन बसले. ते आपणहून सासऱ्याबद्दल बोलायला लागले. ज्या माणसाच्या घरात मी राहिलो, त्याचं आयुष्य मला त्या बाकावर कळलं.

आबा कोवळ्या वयात चुलत्याबरोबर बोटीने मुंबईला उतरले. चुलता कापसाच्या व्यापाऱ्याकडे कारकून होता. तो तापाने गेला. परत जायला पोराकडे भाडं नव्हतं, आणि पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं. कोणीतरी रेल्वेत चिकटवून दिलं, असे ते दौंडच्या शेडमध्ये आले. गोरे साहेब त्यांना आपलं मानीनात, आपले लोक साहेब समजून लांब राहत. मराठी शिकले ती फिटरांकडून. "आन् फिटरांची मराठी म्हंजी काय सांगू तुमाला," वसंतराव म्हणाले. "मार्थाबाईंला मागणी घालायला नगरला गेले. सासरे मोठे धर्मोपदेशक. आबांनी एवढ्या आदराने बोलायला सुरुवात केली, आन् प्रत्येक वाक्यात एक शिवी! त्यांना वाटायचं, ते मराठीतलं 'कृपया' हाय. म्हातारा आधी लालेलाल झाला, मंग हसायला लागला. म्हणला, ह्या माणसाला खोटं बोलताच येणार न्हाई, पोरगी द्या."

मीही हसलो. बायको आत टेबलावर असताना मी हसलो, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वसंतराव पुढे सांगत राहिले. आबा कधीच परत गेले नाहीत. बेटावर आई वारल्याचं पत्र सहा महिन्यांनी पोचलं. त्या दिवशी त्यांनी दौंडच्या बाजारातून गहू आणून स्वतः शिजवले आणि शेडमध्ये वाटले. लोकांनी विचारलं, "काय गिरीक, पोरगं झालं का?" ते नुसतं "व्हय" म्हणाले आणि वाटत राहिले.

आई हे सगळं ऐकत होती. पातेलं अजून तिच्या मांडीवरच होतं.

दार उघडलं. सोफीताईंच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं एवढंसं काहीतरी होतं, आणि ते रडत होतं. "मुलगी. लहान आहे, पण दमदार आहे. आई पण ठीक आहे." मग त्या एकदम भिंतीला टेकल्या. चाळिसाव्याची प्रार्थना राहिली होती, हे मला तेव्हा आठवलं. दवाखान्यातून दौंडला शेजाऱ्यांकडे फोन लावला. पास्टर, मुलगे, शेडमधले म्हातारे, सगळे खोळंबले होते. मी मार्थाबाईंची माफी मागायला लागलो, तर त्या मधेच म्हणाल्या, "मुलगी म्हणता? देवाची स्तुती असो! आमच्यासाठी गहू ठेवू नका. आम्ही पावावर भागवतो. तिथेच वाटा."

आईने फडक्याची गाठ सोडली. वर पांढऱ्या साखरेचा थर होता, त्यावर डाळिंबाच्या दाण्यांचा क्रूस. ती क्षणभर थांबली. मग तिने हात घातला आणि व्हरांड्यातल्या पहिल्या बाईच्या ओंजळीत घास ठेवला. "नात झाली," ती म्हणाली. मागून वसंतराव येत होते, ते त्याच बाईला म्हणाले, "आमच्या आबांच्या नावानं." ती बाई गोंधळली, पण तिने दोन्ही ऐकून घेतलं आणि घास तोंडात टाकला. असे ते दोघं सगळ्या दवाखान्यातून फिरले. मीही खाल्ले. गोड होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मुलगी कॉलेजात आहे. मी ही हकीकत कोणाला सांगितली की लोक लगेच चमत्कार म्हणतात, आणि माझ्यातला केमिस्ट जागा होतो. ऊस रोजच उलटतो. दौंडलाच राहिलो असतो तर दवाखाने तिथेही होते. तेलाचा थेंब का फाटला, याचं उत्तर कुठल्यातरी पुस्तकात असेल. आबांची आमच्यावर एवढी माया का होती, हे मात्र मी मार्थाबाईंनाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी पुन्हा तपासायलाच बसलो असतो. काही गोष्टी हातात ठेवल्या जातात, त्या ओंजळ करून घ्यायच्या असतात, एवढं मी त्या व्हरांड्यात शिकलो.

संशय अजून गेलेला नाही. देवासमोर उभा राहिलो की आता मी काय हवं ते सांगत नाही, एवढाच फरक. कारण त्या रस्त्यावर, लिंबाखाली, मी जीव एकवटून एकच गोष्ट मागितली होती. रस्ता मोकळा कर, म्हणालो होतो. रस्ता मोकळा झाला असता तर आमची एसटी आणि सोफीताईंची जीप धूळ उडवत एकमेकींच्या शेजारून निघून गेल्या असत्या.

देवाने माझं ऐकलं नाही. त्याचे उपकार कसे फेडू?